जादा गाडी

अप्पांनी साताऱ्याच्या एस.टी. स्टँडवर 28 वर्षं माईकसमोर काढली. वाहतूक नियंत्रक. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली, पण स्टँड काही त्यांच्यातून सुटलेला नाही. जेवायला बोलावतात तेव्हा "पहिली पंगत दीडला सुटेल" असं सांगतात, आणि एक पंचवीसला दारात उभं राहून गल्लीच्या टोकाकडे बघत असतात. घरात कोण कुठे गेलं, किती वाजता गेलं, याची लाल पुठ्ठ्याची वही आहे. "किराणा, जाणे 10.05, येणे 11.40, विलंब दुकानात गर्दी."

अशा माणसाच्या घरी राणी आली. फिक्या पिवळ्या रंगाची लॅब्रेडॉर. मुलाने मुंबईहून आणली, सहा महिने सांभाळली आणि बदलीचं पत्र हातात पडताच बापाच्या पायाशी सोडून बंगळूरला गेला. वहीत नोंद आहे: "राणी, आगमन 18.20."

कुत्री पाळणाऱ्यांत 'एकदा तरी'वाल्यांची एक जात असते. मुलगा डॉक्टर व्हावा, गावाकडे घर बांधावं, तसं कुत्रीला एकदा तरी पिल्लं व्हावीत, असं त्यांना मनापासून वाटतं. "एक बाळंतपण झालं की तब्येत सुधारते हो" हे वाक्य त्यांनी कुठे ऐकलेलं असतं ते त्यांनाही आठवत नाही. आमच्या डॉक्टरीणबाईंनी अप्पांना दोनदा सांगितलं की याला वैद्यकात काडीचा आधार नाही, उलट पिल्लं नकोच असतील तर वेळेवर ऑपरेशन केलेलं बरं, म्हातारपणी गर्भाशयात पू होण्याची भीती जाते. अप्पांनी मान डोलावली. स्टँडवर प्रवाशांच्या तक्रारी ऐकताना ते अशीच मान डोलवायचे.

नऊ महिन्यांची असताना राणी पहिल्यांदा माजावर आली. अप्पा वही घेऊन दवाखान्यात हजर. बाई म्हणाल्या, "ही अजून पोरच आहे. केंद्राच्या 2017 च्या नियमांत अठरा महिन्यांखालच्या मादीला लावायला मनाई आहे, आणि मला विचाराल तर दोन वर्षं पूर्ण होऊ द्या. मग खुब्याचा एक्स-रे काढू. या जातीत खुबे खिळखिळे असतात, ते पुढच्या पिढीला जातं." अप्पांना यातलं एकच पटलं. बाहेर येऊन मला म्हणाले, "पासिंग करायचंय. पासिंगशिवाय गाडी रस्त्यावर नाही, बरोबर आहे त्यांचं."

त्या तीन आठवड्यांत अप्पांनी रात्रपाळी केली. गल्लीतले झाडून सगळे कुत्रे फाटकासमोर मुक्कामाला. अप्पांचे थोरले भाऊ गावाहून आले होते, ते म्हणाले, "आता कसलं? कुत्री भादव्यात." मार्च चालू होता. विलायती जातीला भाद्रपद कोण शिकवणार? तिचं आपलं सहा-सात महिन्यांनी, जेव्हा येईल तेव्हा. अप्पा गळ्यात शिट्टी, हातात काठी आणि पायात मुलाचे जुने बूट घालून अंगणात खुर्ची टाकून बसायचे. मध्यरात्री शिट्टी वाजली की आम्ही कूस बदलायचो.

दोन वर्षं झाली, खुबे पास झाले. दरम्यान अप्पांनी चौदा जणांचं आरक्षण घेऊन ठेवलं होतं. पेपर टाकणारा, पतसंस्थेतले साहेब, व्याही, व्याह्यांचे शेजारी. "एक पिल्लू आमचं हं अप्पा" असं जो म्हणेल त्याचं नाव लाल वहीत. कोल्हापूरला एक चांगला नर होता, कागदपत्रांसकट. मादीनेच नराकडे जायचं असतं, नवख्या जागी नर बावचळतो. अप्पांना कुणीतरी सांगितलं होतं, रक्त दिसल्यापासून दहावा दिवस. झालं. दहाव्या दिवशी पहाटे पाच वाजता पुतण्याची गाडी निघाली. एकशेवीस किलोमीटर. नर पुढे आला, राणी खाली बसली आणि गुरगुरली. बाराव्या दिवशी परत तेच. अप्पा वैतागले. "वेळेत आलोय आपण," असं त्यांनी राणीला सांगितल्याचं पुतण्या शपथेवर सांगतो.

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार. म्हणाल्या, "अप्पा, दिवस मोजून कशाला? एखादी सातव्या दिवशी तयार होते, एखादी विसाव्या. एक दिवसाआड रक्त तपासायचं. प्रोजेस्टेरॉन पाचच्या आसपास गेलं की बीज सुटलं समजा, आणि सुटल्यावरही ते पिकायला दोन दिवस लागतात. मग न्या." राणीची पुढची पाळी यायला सात महिने गेले. या खेपेला नमुने पुण्याला गेले, आकडे आले आणि अप्पांच्या गाडीने सतराव्या दिवशी कोल्हापूर गाठलं. वहीत एका शब्दाची नोंद आहे: "यशस्वी."

इथून पुढे मात्र अप्पा खूश होते. बीज सुटल्यापासून 63 दिवस, फारतर एखादा दिवस इकडेतिकडे! "एवढा वक्तशीरपणा मी आख्ख्या नोकरीत बघितला नाही." छप्पन्नाव्या दिवशी एक्स-रे काढला, त्यात नऊ पाठीचे कणे दिसले. नऊ. अप्पांचा चेहरा त्या क्षणी पहिल्यांदा थोडा उतरला. काकू म्हणाल्या, "तुमच्या वेळापत्रकात माझी ड्यूटी कुठे लिहिलीय ते दाखवा."

शेवटच्या आठवड्यात सकाळ-संध्याकाळ थर्मामीटर. एरवी एकशे एकच्या आसपास असणारा पारा एका संध्याकाळी नव्याण्णवच्या खाली आला. म्हणजे चोवीस तासांत. पहाटे चारला अप्पांनी मला उठवलं, "चला, एक हात कमी पडतोय." सहावं पिल्लू निपचित होतं. अप्पांनी ते टॉवेलात घेतलं आणि चोळायला लागले. काकू म्हणाल्या, राहू द्या आता. ते चोळतच राहिले. ओठ हलत होते, पण आवाज नव्हता. माईकवर आयुष्य गेलेला माणूस. बऱ्याच वेळाने तळहाताएवढ्या त्या गोळ्यातून बारीक कुईं निघालं. अप्पा भिंतीला टेकून खाली बसले आणि मग वहीत वेळ लिहिली: 4.52.

ओळखायला नऊ रंगांची लोकर बांधली आणि नावं दिली ती जिल्ह्यातल्या आगारांची. कराड, कोरेगाव, फलटण, वाई, पाटण, महाबळेश्वर, वडूज, मेढा, दहिवडी. 4.52 वाला मेढा. त्यानंतर दोन महिने त्या घरातून "महाबळेश्वर फलटणच्या अंगावर मुतला", "वाई दूध पीत नाही" अशा बातम्या यायच्या. गल्लीतली सगळी रद्दी तिकडे जायची. नऊ जणांचं जंताचं औषध, नऊ जणांची लस. अप्पांचं वजन चार किलोने उतरलं.

आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडायचं नाही, हे त्यांनी कटाक्षाने पाळलं. मग वही उघडून फोन लावायला बसले. पतसंस्थेच्या साहेबांच्या मुलीची दहावी होती. व्याह्यांना काळं हवं होतं. व्याह्यांच्या शेजाऱ्यांनी सोसायटीचा ठराव वाचून दाखवला. पेपर टाकणाऱ्याने पेपर टाकायची वेळच बदलली. एक गृहस्थ मात्र दोन घ्यायला तयार होते, प्लॉटवर राखणीला. "तिथे राहतं कोण?" अप्पांनी विचारलं. कुणीच नाही, साखळी बांधू, गडी दिवसातून एकदा भाकरी टाकेल. अप्पांनी त्यांना चहा पाजला आणि फाटकापर्यंत सोडलं. त्यानंतर जो कुणी पिल्लू मागायला आला, त्याचं घर अप्पा स्वतः जाऊन बघून आले. गच्चीला कठडा आहे का, दिवसभर घरात कोण असतं, हे विचारून वहीत लिहिलं. "सांभाळणं जमलं नाही तर रस्त्यावर सोडायचं नाही, परत इथे आणायचं" असं सही करून घेतलं. नराच्या मालकांना एक द्यायचं ठरलंच होतं. धरून सहा गेली.

राणीचं ऑपरेशन झालं. परवा कोपऱ्यावरच्या बंगल्यातले नवे बिऱ्हाडकरू अप्पांना विचारायला आले, आमच्या पगला एकदा तरी पिल्लं व्हावीत असं वाटतंय. अप्पांनी त्यांना बसवलं, लाल वही मांडीवर घेतली आणि पान एकपासून वाचायला सुरुवात केली. ते गृहस्थ आठ वाजता आत गेले ते दहा दहाला बाहेर पडले.

वडूज, मेढा आणि दहिवडी अजून फलाटावरच आहेत. मेढ्याचं वजन 31 किलो आहे.