‘सगळं यात आहे’ असं छापणाऱ्या खोकेवाल्यांस

घरच्या घरी बिअर करण्याची खोकी विकणाऱ्या महाशयांस,

‘सगळं यात आहे’ हे शब्द तुम्ही खोक्यावर सोनेरी अक्षरांत छापलेत. छपाई सुरेख आहे. पुठ्ठा जाड आहे, आतली काचेची बरणी दिवाणखान्यात मांडून ठेवावी इतकी देखणी आहे. पैसा कुठे खर्च केलात ते दिसतंच. कुठे वाचवलात, त्याबद्दल हे पत्र.

नाताळ जवळ आला की इथे ब्रिटनमध्ये भेटवस्तूंच्या दुकानांत तुमच्या खोक्यांच्या चवडी लागतात. विकत घेणाऱ्याला बिअर करायची नसते, आणि ज्याला करायची असते त्याने खोकं निवडलेलं नसतं. आत काय नाही, असं विचारणारं गिऱ्हाईक तुमच्यासमोर कधी येतच नाही. तुमचा धंदा त्यावरच उभा आहे.

माझ्या भाच्याला मिळालेल्या खोक्यात साडेचार लिटरची बरणी, भरडलेल्या माल्टची पिशवी, थोडे हॉप्स, तारीख नसलेलं यीस्टचं पाकीट आणि पानभर सूचना होत्या. ज्याने आयुष्यात कधी बिअर केली नाही त्याला तुम्ही पहिल्याच दिवशी धान्यापासून सुरुवात करायला लावता. माल्टमधल्या स्टार्चची साखर व्हायला माल्ट भिजवलेलं पाणी साधारण ६५ ते ६८ अंश सेल्सिअसवर तासभर राखावं लागतं. तापमान फार चढलं तर हे काम करणारी एन्झाइम निकामी होतात. थर्मामीटर मात्र खोक्यात नाही. आणि सगळं जमलं तरी गाळ वजा जाता आठ पाइंटही हाती लागत नाहीत.

पहिल्या खेपेला डब्यातलं माल्ट बरं. ॲडलेडच्या कूपर्सचा १.७ किलोचा डबा असो की दुसऱ्या कुणाचा, त्यात हॉप्स घातलेला दाट पाक असतो. तो गरम पाण्यात विरघळवायचा, २३ लिटरपर्यंत पाणी भरायचं, निवलं की यीस्ट टाकायचं. सोबत किलोभर साखर घाला असं सांगितलेलं असतं, तिथे माल्टची भुकटी घालावी, कारण नुसत्या साखरेने बिअर पाणचट होते. धान्याचं काम पुढे शिकता येतं. आधी हात बसवायचा असतो तो स्वच्छतेवर आणि तापमानावर.

पण अवघड काम नवख्याच्या गळ्यात मारलंत, एवढ्यासाठी मी पत्र लिहिलं नसतं. तुमच्या कागदावर एक ओळ आहे: दोन आठवड्यांनी बुडबुडे थांबले की बाटल्या भरा. जानेवारीत लीड्समध्ये रात्री हीटिंग बंद झाल्यावर स्वयंपाकघर किती गारठतं हे तुम्हाला ठाऊक आहे. एल प्रकारच्या यीस्टला १८ ते २० अंश मानवतात. गारठ्यात ते निपचित पडतं. विरजणही थंडीत लागत नाही, पण त्याने भांडं फुटत नाही. इथे बुडबुडे थांबतात आणि साखर शिल्लक राहते. तुमच्यावर भरवसा ठेवून माणूस बाटल्या भरतो, तुम्ही सांगितलेली साखर वर घालतो, बुचं दाबतो आणि बाटल्या उबदार कपाटात ठेवतो. तिथे यीस्ट पुन्हा कामाला लागतं. नेहमीच्या बिअरमध्ये तिच्या आकारमानाच्या साधारण अडीचपट वायू विरघळलेला असतो. घनता १.०२० वर अडकलेली बिअर बाटलीत १.०१० पर्यंत उतरली, तर आणखी सुमारे पाचपट वायू तयार होतो, आणि त्याला बाहेर पडायला वाट नसते.

भाच्याच्या कपाटात बाटल्या फुटल्या. काचा दाराच्या लाकडात रुतल्या. दार बंद होतं म्हणून कुणाला इजा झाली नाही. त्याने कळवलं तेव्हा तुमचं उत्तर आलं की बाटल्या नीट निर्जंतुक केल्या नसतील. जंतूंमुळेही बाटली फुटते, हे खरं. मग जंतुनाशक तुमच्या खोक्यात कुठे होतं?

आणि हायड्रोमीटर कुठे होता? तळाशी वजन असलेली काचेची साधी नळी ती. सुरुवातीला १.०४० च्या आसपास आकडा दाखवते, शेवटी १.०१० च्या आसपास. आकडा अपेक्षेइतका उतरला आणि दोन-तीन दिवस तिथेच राहिला तरच बाटल्या भरायच्या. बुडबुड्यांवरून हे कळत नाही. झाकण जरा सैल असलं तरी ते थांबतात. ही नळी तुम्ही वगळलीत, कारण ती खोक्यावरच्या फोटोत शोभत नाही आणि तिच्यामुळे दोन आठवड्यांचं वचन छापता येत नाही.

हा छंद सहज हाती आलेला नाही. ब्रिटनमध्ये १८८० पासून घरच्या बिअरला परवाना लागत होता. ती अट अर्थमंत्री रेजिनाल्ड मॉडलिंग यांनी १९६३ मध्ये काढली. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी १९७८ मध्ये घरच्या बिअरला मुभा देणाऱ्या कायद्यावर सही केली, तरी अलाबामा आणि मिसिसिपीत २०१३ उजाडावं लागलं. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय घरी मद्य करणं आजही गुन्हा आहे. पुण्याहून आलेल्या माझ्या भाच्याला म्हणूनच याचं केवढं अप्रूप होतं! त्याने बरणी देऊन टाकली. आपल्याला हे जमत नाही, अशी त्याची खात्री झाली आहे, आणि ती तुम्ही करून दिलीत.

पुढच्या नाताळचा माल बांधण्याआधी खोक्यात हायड्रोमीटर, थर्मामीटर आणि जंतुनाशक घाला, यीस्टवर तारीख छापा, कागदावरची ती ओळ बदला. परवडत नसेल तर सोनेरी अक्षरं काढा.

तोवर मला विचारणाऱ्या प्रत्येकाला मी सांगणार आहे की हे खोकं घेऊ नका. ३० लिटरची झाकणाची बादली घ्या, म्हणजे २३ लिटरवर फेस चढायला जागा राहते. हायड्रोमीटर घ्या, धुवावं न लागणारं जंतुनाशक घ्या, यीस्ट तारीख पाहून घ्या. आणि पहिल्या खेपेला काच नकोच. सोड्याच्या, कोल्ड्रिंकच्या प्लास्टिकच्या बाटल्या वापरा. आत दाब किती चढलाय ते बाटली दाबून पाहिली की बोटांना कळतं.

लीड्समधली एक आत्या