गाडीला अक्रोड

गाडीची जी बाजू चारचौघांना दिसते, ती चकचकीत ठेवण्यात आमच्या सोसायटीचा हात धरणारं पुण्यात कुणी नसेल. सकाळी सात वाजता पार्किंगमध्ये बादल्या निघतात, पिवळी फडकी निघतात, शाम्पूच्या पुड्या फुटतात. टँकर मागवायची पाळी आलेली असते तेव्हाही 'पाणी जपून वापरा' या पाटीखालीच बॉनेट धुतलं जातं. एक गृहस्थ एसीच्या जाळ्या दात घासायच्या ब्रशने साफ करतात. ब्रश स्वतःचा की घरातल्या दुसऱ्या कुणाचा, याचा उलगडा अजून झालेला नाही. इतक्या स्वच्छताप्रिय मंडळींत राहूनही इंजिनातल्या इनटेक व्हॉल्व्हची पाठ कुणी पुसल्याचं माझ्या कानावर आलं नव्हतं. व्हॉल्व्हला पाठ असते आणि ती काळी पडते, हे ज्ञान माझ्या पदरात थेट गॅरेजमध्येच पडलं.

माझी गाडी तीन सिलिंडरची, टर्बो पेट्रोल. घेताना शोरूममधला मुलगा "सर, डायरेक्ट इंजेक्शन आहे" असं खालच्या आवाजात, घरातली गोष्ट सांगावी तसं म्हणाला होता. त्यातलं 'डायरेक्ट' मला फार आवडलं. पेट्रोल आणि सिलिंडर यांच्यामध्ये कुणी मध्यस्थ नाही, म्हणजे दलाली वाचली, असा मी साधारण हिशेब केला. पुढे काही वर्षं गाडी झकास चालली. मग एका डिसेंबरात तिला सकाळचं काहीतरी होऊ लागलं. सुरू केली की पहिलं मिनिटभर ती अशी थरथरायची, की शेजारच्या सीटवरची भाजीची पिशवी आपण होऊन माझ्याकडे सरकत यायची. "अहो, हिला थंडी वाजते का?" असं बायकोने विचारलं. मी "नाही, इंजिन गरम होतंय" असं तज्ज्ञाच्या आवाजात सांगितलं. त्यानंतर पिकअप गेला, अ‍ॅव्हरेज उतरलं आणि एके दिवशी डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागला. दिवा लागल्यावर मात्र तज्ज्ञाचा आवाज निघेना.

एखाद्या माणसाला बरं वाटत नसेल तर लोक आधी चौकशी करतात आणि मग औषध सांगतात. गाडीच्या बाबतीत चौकशीची पायरी गाळतात. पेट्रोल पंपावरच्या मुलाने इंजेक्टर क्लीनरची बाटली पुढे केली, "टाकीत ओता, इंजिन नवं होईल." ऑफिसातल्या एका तरुणाने हायड्रोजनचं मशीन सुचवलं. पाण्यापासून गॅस तयार करायचा, तो चालू इंजिनात सोडायचा आणि कॉफी पिऊन यायचं. त्यातल्या कॉफीबद्दल माझी काहीच हरकत नव्हती. तळमजल्यावरचे काका पिंपरीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. त्यांनी नुसतं बॉनेटकडे पाहूनच निदान केलं, "अरे, तू हिला लाडात वाढवलंयस. मंडईत जायचं, मंडईतून यायचं, तेही चाळीसच्या वर नाही. एक्सप्रेसवेवर ने, खालच्या गिअरमध्ये पिळून काढ. सगळी घाण धुराड्यातून बाहेर!"

काकांचा कार्बनचा अभ्यास जुना आहे. १९७२ साली बाजारात आलेली बजाज चेतक त्यांच्याकडे कितीतरी वर्षं होती. ती टू-स्ट्रोक. पेट्रोलमध्येच ऑइल घालायचं, ते जळायचं, आणि न जळलेलं प्लगवर, हेडमध्ये, सायलेन्सरमध्ये जाऊन बसायचं. मग रविवारी अंगणात कार्यक्रम व्हायचा. प्लग पॉलिश पेपरने घासायचा, सायलेन्सर काढून जाळात धरायचा आणि काठीने बडवायचा. खपल्या पडायला लागल्या की बघायला जमलेल्या पोरांना आनंद व्हायचा. "कार्बनला एकच भाषा कळते," काका म्हणतात आणि हातात नसलेली काठी दाखवतात. त्या जुन्या चेतकला व्हॉल्व्हच नव्हते, त्यामुळे व्हॉल्व्हच्या पाठीचा प्रश्नच नव्हता. २०२० साली चेतक विजेची होऊन परत आली, तिलाही व्हॉल्व्ह नाहीत. व्हॉल्व्हचं म्हणून जे काही भोगायचं असतं, ते मधल्या काळात गाडी घेणाऱ्यांच्या वाट्याला आलं.

गॅरेजवाल्याला सगळे भाई म्हणतात. त्याने स्टिअरिंगखाली स्कॅनर जोडला. पडद्यावर कोड आला, पी ०३००. याचा अर्थ मिसफायर होतोय, पण अमुक एका सिलिंडरमध्ये नाही. कधी या, कधी त्या, केव्हाही. दोष आहे, पण दोषी असा कुणी एक नाही. आयुष्य कचेरीत काढलेल्या माणसाला ही अहवालाची भाषा फार ओळखीची वाटली. भाईने प्लग पाहिले, कॉइल पाहिल्या आणि हात पुसत म्हणाला, "साहेब, हे सगळं ओके आहे. आत कोळसा बसलाय. व्हॉल्व्हवर."

मी बाटलीचं सांगितलं. भाई हसला नाही, हे त्याचं मोठेपण. म्हणाला, "बाटली टाकीत ओतणार. टाकीतलं पेट्रोल जाणार सिलिंडरमध्ये, डायरेक्ट. व्हॉल्व्हला ते दिसणार तरी कधी?"

या एका वाक्यात सगळी गोम आहे. पूर्वीच्या पेट्रोल गाड्यांत इंजेक्टर असायचा इनटेक पोर्टमध्ये, व्हॉल्व्हच्या अलीकडे. तीन-चार बार दाबाने पेट्रोलचा फवारा व्हॉल्व्हच्या पाठीवर पडायचा आणि तिथून हवेबरोबर आत जायचा. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये इंजेक्टर सरळ सिलिंडरच्या पोटात बसवला. दाब दोनशे बार, नव्या इंजिनांत साडेतीनशेपर्यंत. आपल्या टायरमध्ये सव्वादोन-अडीच बार असतात, त्यावरून अंदाज करावा. पेट्रोल आतच बारीक तुषार होऊन उडतं, उडताना आतली हवा थंड करतं, त्यामुळे इंजिन ठोके न देता जास्त दाब सोसतं आणि छोट्या इंजिनातून मोठी ताकद निघते. कल्पना काही कालची नाही. १९५४ च्या मर्सिडीझ-बेंझ ३०० एसएलमध्ये ती होती, १९९६ मध्ये मित्सुबिशीने ती साध्या घरगुती गाडीत आणली आणि मग ती जगभर पसरली.

आता दुसरी बाजू. पिस्टनच्या रिंगांच्या फटीतून थोडा गॅस खाली ऑइलच्या बाजूला निसटतोच. तो ऑइलची वाफ घेऊन वर येतो. जुन्या काळी ही वाफ एका नळीतून खुशाल रस्त्यावर सोडत. लॉस एंजेलिसचं आकाश धुरकट झालं, तेव्हा कॅलिफोर्नियाने साठच्या दशकाच्या सुरुवातीला फर्मावलं की आपली घाण आपणच गिळा. तेव्हापासून ती वाफ पुन्हा इनटेकमध्ये सोडतात, म्हणजे ती इंजिनातच जळते. फर्मान रास्तच होतं. वाफेतलं ऑइल वाटेत व्हॉल्व्हच्या पाठीवर चिकटायचं, पण वरून पेट्रोलचा फवारा यायचा आणि धुऊन न्यायचा. डायरेक्ट इंजेक्शन आलं आणि फवारा बंद झाला, वाफ मात्र चालू राहिली. तापलेल्या व्हॉल्व्हवर ते ऑइल भाजतं, त्यावर पुढचा थर बसतो, तोही भाजतो.

भांडी घासायला येणाऱ्या मावशी जाता जाता ओटाही पुसून जात असतात. तसं त्यांना कुणी सांगितलेलं नसतं आणि त्याचा पगारही धरलेला नसतो. मग घरात डिशवॉशर येतो. भांडी अशी लख्ख निघतात की पाहत राहावं, पाणीही कमी लागतं. आणि महिन्याभराने कुणाच्या तरी लक्षात येतं की ओटा चिकट झालाय. डिशवॉशरचा काय दोष? त्याच्या कामाच्या यादीत ओटा नव्हताच. मावशींच्याही नव्हता. पेट्रोल व्हॉल्व्ह धुतं हे इंजिनिअरांना नुसतं ठाऊक नव्हतं, तर त्यांनी पेट्रोलमध्ये त्यासाठी साफ करणारी रसायनंही घातली होती. तरी इंजेक्टर हलवायची वेळ आली तेव्हा हिशेब झाला तो ताकदीचा आणि अ‍ॅव्हरेजचा. ओट्याची आठवण नंतर झाली. आता टोयोटासारखे काही जण एकाच इंजिनात दोन्ही तऱ्हेचे इंजेक्टर बसवतात, एक पोर्टमध्ये, एक सिलिंडरमध्ये. डिशवॉशर ठेवून मावशींना पुन्हा बोलावलंय.

माझ्या इंजिनात मात्र मावशी नव्हत्या. एक्सप्रेसवेवर पिळूनही काही व्हायचं नव्हतं, कारण वेगाने प्लग आणि सिलिंडरची आतली बाजू साफ होईलही. व्हॉल्व्हच्या पाठीवर पेट्रोल तेव्हाही पोचत नाही. काकांना हे सांगितल्यावर त्यांनी "जाऊन तर ये" एवढंच म्हटलं. खंडाळ्याहून चिक्की आणायला सांगायचीही ते विसरले नाहीत.

"मग इलाज?" मी भाईला विचारलं.

"अक्रोड."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. भाईने कोपऱ्यातलं पोतं उघडून दाखवलं. आत अक्रोडाच्या टरफलांचा तपकिरी चुरा, जाडसर रव्याइतका. मी मूठभर हातात घेतला. हलका, पण बोटांत चोळला की टोचत होता. वाळू मारली तर धातू ओरबाडला जातो, आणि तिचा कण आत राहिला तर इंजिनाचं वाटोळं. टरफल असं बरोब्बर कडक असतं की कार्बन सोलून निघतो आणि धातूला चरा जात नाही. एखादा कण चुकून आत गेलाच तर जळून जातो. निसर्गाने एवढा नेमका कडकपणा गर राखण्यासाठी घडवला आणि माणसाने तो एअर गनमध्ये भरला.

काम पाहायला मी तिथेच थांबलो. भाईच्या पोऱ्याने वरची पाइपं सोडवली, बोल्ट एका ताटलीत ओळीने मांडले आणि इनटेक मॅनिफोल्ड बाहेर काढलं. भाईने टॉर्च मारून "बघा" म्हटलं. सहा व्हॉल्व्ह, प्रत्येक पोर्टमध्ये दोन. दांड्याजवळ थर ओलसर, तेलकट. कडेला कोरडा, फुगलेला, तडे गेलेला. व्हॉल्व्हचा मूळ आकार कुठे संपतो आणि थर कुठे सुरू होतो ते कळत नव्हतं. भाईने स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने एक खपली उचकटली आणि माझ्या तळहातावर ठेवली. वजन काहीच नाही. बोटाने दाबली तर भुगा झाली आणि बोटावर असा डाग ठेवून गेली, की दुसऱ्या दिवशी बँकेत अंगठा द्यायचा असता तर शाई लागली नसती. हवेला याच ओबडधोबड वाटेने आत जायचं होतं. सकाळी गाडी थरथरायची त्यात नवल नव्हतं. इतके दिवस ती चालली कशी, हे नवल होतं.

मग भाईने पान्याने क्रँक फिरवून पहिल्या सिलिंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह बंद केले. टॉर्चने पाहिलं, पुन्हा फिरवून पाहिलं. व्हॉल्व्ह जरासा जरी उघडा राहिला तरी मूठभर टरफल सिलिंडरमध्ये जायचं, म्हणून या पायरीवर तो कुणाशी बोलत नाही. पोर्टवर एक प्लास्टिकचं तोंड बसवलं. त्याला एका बाजूने व्हॅक्यूमची नळी, दुसऱ्या बाजूने गनची. कंप्रेसर सुरू झाला. गनमधून चुरा सुटला आणि आत सर्र आवाज येऊ लागला.

त्याच वेळी घरून फोन आला. "कुठे आहात?"

"गॅरेजमध्ये. गाडीला अक्रोड मारतायत."

पलीकडे जरा शांतता. "सोलून?"

"नाही, नुसती टरफलं."

"आणि गर?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. भाईला विचारलं तर तो म्हणाला, पोतं असंच येतं. बायकोचं म्हणणं असं, की घरात मुलांना परीक्षेच्या दिवसांत चार अक्रोड मोजून दिले जातात आणि इथे पोत्याने टरफलं उडतायत, म्हणजे कुणीतरी कुठेतरी पोतंभर गर खाल्लेला आहे. तर्कात खोट नव्हती. काश्मीरचा कागदी अक्रोड आणला असता तर टरफलं आपलीच वापरता आली असती, असंही तिने सुचवलं. कागदी अक्रोड हाताने फुटतो, त्याच्या टरफलाने कार्बनचं काय होणार, असं मी म्हणालो आणि फोन ठेवला.

भाईने गन थांबवली, व्हॅक्यूमने उरलेला चुरा ओढून घेतला आणि टॉर्च दिला. व्हॉल्व्ह राखाडी, स्वच्छ. इंजिन बनवणाऱ्याच्या मनात असेल तोच आकार. बाकीचे सिलिंडर झाले, नवं गॅस्केट पडलं, मॅनिफोल्ड बसलं. चावी फिरवल्यावर गाडी अशी गुपचूप सुरू झाली, की मी पुन्हा चावी फिरवणार होतो. पोऱ्याने हात धरला.

"पुन्हा नाही ना बसणार?" मी विचारलं.

"बसणार की. वाफ तर येतच राहणार. आता काही वर्षं बघायला नको." भाई प्रामाणिक माणूस आहे, त्यामुळे त्याच्याकडून बाहेर पडताना कधी निश्चिंत वाटत नाही.

संध्याकाळी काकांनी गाडीचा आवाज ऐकला, समाधानाने मान हलवली आणि म्हणाले, "नेलीस ना एक्सप्रेसवेवर? सांगत होतो." त्यांच्या हातात चिक्की पडली नाही, एवढ्या एका पुराव्याकडे त्यांनी दुर्लक्ष केलं.

बिलावर मजुरी होती, गॅस्केट होतं आणि एका ओळीत स्वच्छ अक्षरात 'अक्रोड टरफल' होतं, पुढे रक्कम. जे काम पेट्रोल फुकटात करत होतं, त्याची किंमत पहिल्यांदाच कुणीतरी कागदावर मांडली होती. टिळकांची गोष्ट या गावात शाळेतल्या प्रत्येक पोराला पाठ असते: शेंगा मी खाल्ल्या नाहीत, टरफलं मी उचलणार नाही. मीही अक्रोड खाल्ले नव्हते. पण टिळकांकडे डायरेक्ट इंजेक्शनची गाडी नव्हती. मी टरफलांचे पैसे भरले, वर जीएसटी भरला आणि पावती मागून घेतली.