बॅटरीचे पाण्याचे नखरे

आमच्या आष्टीत पाण्याला नावं ठेवायची पद्धत नाही. बालाघाटाच्या रांगांमधला, पर्जन्यछायेत सापडलेला दुष्काळी तालुका. टँकर आला की आधी हंडा भरायचा; पाणी गढूळ होतं की खारं, याची चर्चा नंतर सावलीत बसून. लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, तेव्हा आम्हाला पाण्यापेक्षा रेल्वेचाच हेवा जास्त वाटला होता. पुढं सप्टेंबर २०२२मध्ये नगरहून आष्टीपर्यंत गाडी सुरू झाली खरी, पण तिच्यातून नुसती माणसंच उतरतात.

अशा गावात पाणी पारखून घेणारी एकच मानकरीण आहे : गाडीची बॅटरी.

आमच्या तात्यांचा ट्रॅक्टर दिवाळीनंतर ऊस वाहायला कारखान्यावर जातो आणि पाडव्याच्या सुमारास परत येतो. येतो तो धक्क्यावर. सेल्फ मारला की नुसतं 'टक्'. मग बॅटरीची सहा बुचं काढायची. बुचं निघाली रे निघाली की वाकून बघायला अर्धी आळी गोळा होते, आणि प्रत्येकाकडं आपापलं पाणी असतं.

"बोअरचं घाल तांब्याभर," तात्यांचा पहिला हुकूम. आमच्या बोअरच्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, आणि बादलीला आतून पांढरा थर चढतो. तरी तात्यांचा त्या पाण्यावर भारी जीव, कारण बोअर त्यांनीच पाडलेलं. बॅटरीत मात्र या क्षारांनी घात होतो. पाण्यात लोह असलं तर बॅटरी उभ्या-उभ्या आपोआप उतरते, आणि क्लोराइड शिशाच्या प्लेटा खातं.

"मग उकळून घाल की," शेजारच्या काकू म्हणाल्या. उकळल्यानं जंतू मरतात, हे खरं. पण बॅटरीत गंधकाचं आम्ल असतं, तिथं कोणता जंतू बिऱ्हाड करणार? क्षार काही वाफेबरोबर उडत नाहीत. थोडे भांड्याच्या बुडाशी बसतात, उरलेले आटल्या पाण्यात आणखी दाट होतात. थोडक्यात, काकूंनी जी वाफ खिडकीतून घालवली, बॅटरीला नेमकी तीच थंड करून हवी होती.

जारचं पाणी सुचवणारे लोक शिकलेले असतात. "आरो आहे, काही होत नाही!" पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत विरघळलेले क्षार सरकारी मानकाला चालतात. आरोनं ते पुष्कळ कमी होतात, पण संपत नाहीत. बॅटरीच्या पाण्यासाठी भारतीय मानक वेगळं आहे, आयएस १०६९. माणसाच्या पाण्याला चव लागते, बॅटरीला पाणी साफ बेचव पाहिजे.

एकानं एटीएमच्या मागं टपकणारं एसीचं पाणी सुचवलं. कल्पना वाईट नव्हती. ते हवेतल्या वाफेचंच पाणी. पण टपकण्याआधी तांब्याच्या नळ्यांवरून आणि ॲल्युमिनियमच्या पात्यांवरून आमच्या तालुक्याची सगळी धूळ गोळा करून येतं. पावसाचं पाणी त्याहून बरं, पण उघड्यावर स्वच्छ भांड्यात धरलेलं, पत्र्यावरून ओघळलेलं नव्हे. आणि चैत्रात आष्टीत पाऊस कुठून आणायचा, हे सांगणाऱ्यानं सांगितलं नाही.

आत्यांनी देवघरातला गंगाजलाचा गडू बाहेर काढला, तेव्हा मात्र सगळे गप्प झाले. तांब्याचा गडू, वर लाखेचं शिक्कामोर्तब. गंगाजल आपल्याकडं कुणाच्या तोंडात कधी घालतात ते सगळ्यांना ठाऊक आहे. बॅटरीच्या तोंडात घातलं तरी अर्थ तोच.

शेवटी गॅरेजवाल्या मामांना आणलं. त्यांनी पहिलं काम केलं ते म्हणजे बिडी ओढत वाकलेल्या अण्णांना मागं ओढलं. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो. ठिणगी पडली तर सल्ला देणारा सल्ल्यासकट जायचा. मग कुणीतरी "ॲसिडच घाला ना, जोर येईल" म्हणालं, तेव्हा मामांनी कपाळावर हात मारला. "अहो, आटतंय ते पाणी. ॲसिड आतच ऱ्हातंय. वरनं आन्खी ॲसिड वतून तिला जाळायलाव का?"

मामांच्या हातात प्लॅस्टिकचा कॅन होता, डिस्टिल वॉटरचा. पाण्याची वाफ करून, ती थंड करून पुन्हा धरलेलं पाणी. शिशाची बॅटरी फ्रान्समध्ये गास्तों प्लाँतेनं १८५९ साली केली, पण आमच्या आळीची चर्चा अजून बोअर आणि जारपाशीच अडली आहे. मामांनी उघड्या पडलेल्या प्लेटा बुडतील इतकंच पाणी घातलं आणि बॅटरी चार्जिंगला लावली. खुणेपर्यंतची भर चार्ज झाल्यावर. आधीच काठोकाठ भरली तर चार्जिंगला पाणी वर चढतं आणि ॲसिड उतू जाऊन खालचा लोखंडी ट्रे खातं.

हल्ली बुचंच नसलेल्या बॅटऱ्या निघाल्यात. पाणी घालायचं कामच नाही म्हणे. मला त्या पटत नाहीत. बूच नाही म्हणजे आळी जमणार नाही. आणि पाण्यावर मत नसलेला आष्टीकर म्हणजे काय?

तुमच्या बॅटरीला बुचं असतील, तर डिस्टिल वॉटरचा कॅन घरात आणून ठेवा आणि त्यावर मोठ्या अक्षरांत 'बॅटरीचं' असं लिहा. आमच्याकडं लिहिलं नव्हतं. काकूंनी इतकं नितळ पाणी बघितलं आणि पाहुण्यांच्या चहाला ओतलं.