खुर्च्या येतील, सिस्टर कुठून आणणार?

तीन वर्षांत प्रत्येक जिल्हा रुग्णालयात कॅन्सरचं डे-केअर केंद्र, त्यातली २०० केंद्रं पहिल्याच वर्षी, असं केंद्र सरकारने २०२५-२६च्या अर्थसंकल्पात जाहीर केलं. घोषणा चांगलीच आहे. केमोच्या प्रत्येक फेरीसाठी गडचिरोलीच्या बाईने नागपूर का गाठायचं? मुंबईत कॅन्सर रुग्णालयाबाहेर, परळच्या फुटपाथवर कोणी का झोपायचं?

पण या केंद्रात प्रत्यक्ष काम कोण करतं, ते बघा. डॉक्सोरुबिसिन, म्हणजे पेशंटच्या भाषेत ‘लाल औषध’, सोडण्याआधी सुई शिरेतच आहे ना, हे सिस्टर रक्त मागे ओढून तपासते. औषध जाताना तिची नजर पेशंटच्या हातावर असते. ‘जळजळतंय का हो?’ ती विचारत राहते. कारण ते शिरेबाहेर झिरपलं तर आतलं मांस कुजतं, कधी शस्त्रक्रिया करावी लागते. हा हात पुस्तकाने तयार होत नाही. केमो वॉर्डात जाणत्या सिस्टरच्या हाताखाली राबूनच होतो. आणि अशी तयार झालेली सिस्टर बदल्यांच्या यादीत सापडते, प्रसूती कक्षात रुजू होते. तिच्या जागी येते अकरा महिन्यांच्या करारावरची नवखी मुलगी. ही शुद्ध उधळपट्टी आहे.

डॉक्टरांचं गणित तर उघडंच आहे. इंटर्नशिपसह एमबीबीएसची साडेपाच वर्षं, एमडीची तीन, मेडिकल ऑन्कॉलॉजीच्या डीएमची आणखी तीन. आज प्रवेश घेणारा मुलगा साडेअकरा वर्षांनी हाताशी येणार. तोवर जिल्ह्यातल्या फिजिशियनलाच शिकवून उभं करावं लागेल, आणि त्याच्या पाठीशी मोठ्या कॅन्सर रुग्णालयाचा तज्ज्ञ रोज फोनवर हवा.

रेडिओथेरपीचंही तेच. यंत्र कोट्यवधींचं, पण मेडिकल फिजिसिस्ट आणि किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकारी नसतील तर अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियमाप्रमाणे ते चालवताच येत नाही.

म्हणून राज्याच्या आरोग्य खात्याने आधी आकृतिबंधाची, म्हणजे मंजूर पदांच्या आराखड्याची, फाइल उघडावी. केमोच्या सिस्टरचं स्वतंत्र, कायम पद निर्माण करावं. त्या पदाला सर्वसाधारण बदल्यांतून वगळावं, जोखमीचा भत्ता द्यावा. प्रत्येक जिल्ह्यातून निदान चारजणींना आत्ताच प्रशिक्षणाला पाठवावं, म्हणजे एक रजेवर गेली म्हणून पेशंटची फेरी चुकणार नाही. यासाठीचा शासन निर्णय केमोच्या खुर्च्यांच्या निविदेआधी निघायला हवा.