फॉरेनचे चिरंजीव

गोंदिया म्हणजे राइस मिलचा जिल्हा. इथे धानाच्या पोत्याला बोटही न लावलेलं पोरगं ब्रिटनला मास्टर्स करायला जातं. म्हणजे काय करतं? दोन-तीन दिवस लेक्चर, बाकीच्या दिवशी देशी किराणा दुकानात दहा-दहा किलोच्या बासमतीच्या थैल्या खांद्यावर. सत्र चालू असताना व्हिसा आठवड्याला 20 तासच काम करू देतो, नाहीतर पूर्णवेळ हमालीच झाली असती. इकडे बाप हमाल मिळत नाहीत म्हणून कुरकुरतो, ते वेगळंच.

जर्मनीवाल्यांची तऱ्हा निराळी. बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नाही, हे सगळ्या पाहुण्यांना ऐकवून झालेलं असतं. पण व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाचे 11,904 युरो आधीच खात्यात अडकवावे लागतात, आणि मग आपलेच पैसे दरमहा 992 युरोंनी हाती येतात, हे मात्र घरातच राहतं.

गोंदियाजवळच्या बिरसी विमानतळाच्या धावपट्टीवर देशभरातली पोरं विमान चालवायला शिकायला येतात. आपली पोरं विमानात बसून भांडी घासायला शिकायला जातात. सेल्फीत भांडी येत नाहीत, मागचा बर्फ येतो. लग्नाच्या बायोडाटाला तेवढा पुरतो. शिक्षणाच्या कर्जाला तारण मात्र इकडचं, आमगावचं घर लागतं.