अंगचोर पंखा

शिडाच्या बोटीचा मालक इंजिनाचा पाण्यातला पंखा निवडताना भर समुद्राचा विचार करतो. तिथे वारा असतो, वेग असतो आणि बघायला कुणी नसतं. बोट धक्क्याला लावताना मात्र अख्खी पंचक्रोशी हजर असते.

आमच्या मित्राने तीन पात्यांचा साधा पंखा काढून दोन पात्यांचा मिटणारा बसवला. शिडावर चालताना हा पाती मागे मिटून अंग चोरतो, पाण्याचा अडसर कमी होतो आणि वेग अर्धा नॉट वाढतो. अर्धा नॉट म्हणजे ताशी एक किलोमीटरसुद्धा नाही. किंमत विचारली की वहिनी क्षितिजाकडे बघतात.

त्याच बोटीने आम्ही ग्रीसमधल्या हायड्रा बेटावर गेलो. तिथलं बंदर टीचभर. तिथली रीत अशी, की समोर नांगर टाकायचा आणि बोट उलटी घेत पिछाडी धक्क्याला लावायची. अंगचोराची खरी परीक्षा इथे. पुढे जाताना पाण्याचा रेटा पाती उघडी ठेवायला मदत करतो; उलट फिरताना तोच रेटा ती मिटवायला बघतो. ती उघडी राहतात केवळ गरगर फिरण्याच्या जोरावर, म्हणून इंजिनाचा जोर वाढवावा लागतो. त्यात पंख्याचा झोत आता सुकाणूवर पडत नाही. बोटीला वेग येईपर्यंत सुकाणू शोभेपुरतं. तेवढ्यात पंखा पिछाडी डावीकडे खेचतो. जोर वाढवावा तशी खेचही वाढते.

"अहो, डावीकडे चाललीय!"

"मी नाही नेत!" आमचा कप्तान मित्र ओरडला, आणि ते शंभर टक्के खरं होतं.

शेजारच्या बोटीवरचे गृहस्थ हातात काठी घेऊन उभे राहिले. कॅफेतले चमचे थांबले. मोटारी नसलेल्या त्या बेटावर सामान वाहणारं एक खेचर तेवढं निर्विकार होतं.

शेवटी धक्क्यावरच्या एका म्हाताऱ्या नावाड्याने खुणेनेच शिकवलं: सुकाणू पूर्ण उजवीकडे, पुढे एक झटका, मग मागे, पुन्हा पुढे. दोन्ही वेळा पिछाडी डावीकडेच सरकते, म्हणून बोट जागच्या जागी उजवीकडे वळते. मग त्याने डाव्या हाताची मोकळी जागा दाखवली. पंख्याला जिकडे जायचंच होतं तिकडेच आम्ही निघालो, आणि अगदी शहाण्यासारखे लागलो.

संध्याकाळी कॅफेत बसलो असताना एक बोट आडवी-तिडवी आत शिरली. कप्तानाने कॉफी खाली ठेवली आणि सल्ला द्यायला उठला.

"अहो, जा," वहिनी म्हणाल्या, "पण आधी त्यांना पंखा केवढ्याला पडला ते विचारा."