पावतीवाले अण्णा

घरपट्टीचं बिल हाती आलं की आपण तळाचा आकडा बघतो, मनातल्या मनात एक शिवी हासडतो आणि घडी घालून ठेवून देतो. अण्णा ते बिल वाचतात. दिवाबत्ती, वृक्ष कर असे एकेक रकाने ओलांडत ते शिक्षण करापाशी आले की त्यांचा श्वास जड होतो. "म्हणजे नगरपरिषदेच्या शाळेतल्या फळ्याचा एक कोपरा माझा झाला की नाही?" कर विभागातल्या कारकुनाने एकदा त्यांना समजावलं, की 1962 च्या कायद्याचा हा राज्य शिक्षण कर आम्ही नुसता गोळा करतो, पैसे राज्य सरकारकडे जातात. दुसऱ्या दिवशी फळ्याच्या कोपऱ्यासाठी मंत्रालयाला रजिस्टर एडी गेलं.

असे एक अण्णा प्रत्येक तालुक्याच्या गावात असतात. पाटबंधारे खात्यातून नाहीतर एसटीतून निवृत्त झालेले. नोकरीत असताना यांनी स्वतःचं टीए बिल कधी वेळेत आणि कधी खरं दिलं नाही, असं त्यांचे जुने सहकारी सांगतात; पण सहकाऱ्यांचं किती ऐकायचं? हातात रेक्झिनची बॅग. तिच्यात मधुमेहाच्या गोळ्यांची रिकामी डबी आणि डबीत दहा-दहा रुपयांची कोर्ट फी तिकिटं, घामाने चिकटू नयेत म्हणून.

माहितीचा अधिकार 2005 साली आला आणि अण्णांना दुसरं तारुण्य फुटलं. सुरुवातीला त्यांचे अर्ज हंटर आयोगापासून सुरू होत. रयतेच्या कष्टातून गोळा झालेला महसूल वरच्या वर्गाच्या शिक्षणावर खर्च होतो, हे जोतीराव फुल्यांनी 1882 साली त्या आयोगाला लेखी सुनावलं होतं. अण्णा तिथून निघत आणि चौथ्या पानावर शाळेच्या केरसुण्यांपर्यंत पोचत. पुढे महाराष्ट्रात नियम झाला की अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांतला हवा. हा नियम आपल्यासाठीच काढला, असं अण्णा अभिमानाने सांगतात. आता त्यांच्या अर्जात फुले बसत नाहीत. केरसुण्या बसतात.

अभिलेख बघायला पहिला तास फुकट असतो. अण्णा एकोणसाठाव्या मिनिटाला उठतात.

नगरपरिषदेच्या शाळेतल्या मुख्याध्यापिका बाईंना अण्णांची चप्पल वाजली की ओळखू येते. शाळेचा पट दीडशेच्या आसपास. शंभरावर आणि अडीचशेपर्यंत पट असला, तर समग्र शिक्षा योजनेच्या निकषाने वर्षाला 50,000 रुपये संयुक्त शाळा अनुदान. त्यातले दहा टक्के स्वच्छतेवर घालायचे. उरलेल्यात लाइटबिल, खडू, रजिस्टरं, तुटलेली कडी, गळकी तोटी. हे पैसेसुद्धा बऱ्याचदा वर्ष सरत आल्यावर उगवतात आणि 31 मार्चच्या आत खर्च करा म्हणून मागे लागतात. तोवर खडू कोण आणतं? बाई आणतात, स्वतःच्या पर्समधून. आणि तिथेच अडकतात.

"बाई, खडूचे पन्नास रुपये लिहिलेत. पावती?"

"कोपऱ्यावरच्या दुकानातनं आणले, अण्णा. तो पावती देत नाही."

"मग पैसे गेले कुठे?"

"फळ्यावर."

अण्णांनी हे उत्तर जसंच्या तसं लिहून घेतलं आणि प्रथम अपिलात घातलं.

खरं तर हा सगळा हिशेब बघायला कायद्याने माणसं नेमलेली आहेत. शिक्षण हक्क कायद्यात शाळा व्यवस्थापन समिती आहे. तीन चतुर्थांश सभासद पालक, निम्म्या स्त्रिया, आणि अनुदान कुठे गेलं हे तपासणं त्यांचं कामच. पण त्या पालकांतला कोणी वीटभट्टीवर असतो, कोणी कांद्याच्या चाळीत. सभेला यायचं म्हणजे दिवसाची मजुरी बुडवायची. मग सभाच प्रोसिडिंग बुकात बसून शिपायाच्या सायकलवरून घरोघर सह्यांना जाते. अण्णांनी त्या बुकाच्याही प्रती काढल्यात, दोन रुपये पान या दराने. सह्या एकाच पेनाच्या आहेत हे त्यांनी ओळखलं. त्या पेनाच्या मागे गेलेली सायकल त्यांना दिसली नाही.

अण्णांची नात मात्र या शाळेत नाही. ती गावाबाहेरच्या इंग्लिश मीडियमला, पिवळ्या बसने जाते. तिथे दरवर्षी फी वाढते आणि कसले तरी "अदर चार्जेस" लागतात. खाजगी शाळांच्या फीसाठीही 2011 चा कायदा आहे. पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीने फी मंजूर करायची आणि समितीतले पालक चिठ्ठ्या टाकून निवडायचे. एका वर्षी नेमकी अण्णांच्या सुनेची चिठ्ठी निघाली. तिने नाव मागे घेतलं. घेणार नव्हती, अण्णांनी घ्यायला लावलं. म्हणाले, "उगाच पोरीच्या मार्कांवर यायचं."

आता भिंतीचं. दोन वर्षांपूर्वी नगरपरिषदेच्या शाळेला संरक्षक भिंत झाली. काम काही लाखांचं. अण्णांनी फाइल मागितली आणि चक्क मुदतीच्या आत मिळाली, वर कार्यालयात चहाही मिळाला. फाइल बघून अण्णांचा ऊर भरून आला. तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा, तीन ठेकेदारांचे दर उतरत्या क्रमाने, मोजमाप पुस्तिका, फोटो, पूर्णत्वाचा दाखला, सगळं नंबर टाकून, लाल दोऱ्यात. एका कागदावर खाडाखोड नाही. महिनाभर अण्णा ती फाइल ज्याला त्याला वर्णन करून सांगत होते आणि बाईंना म्हणत होते, "शिका जरा! कागद असावा तर असा."

पहिल्याच पावसात भिंत रस्त्याच्या बाजूला झुकली. पोरं आता तिच्यावरून घसरगुंडी करतात. लेखापरीक्षणात तिच्यावर एकही आक्षेप नाही. त्याच वर्षीच्या अहवालात खडूच्या पन्नास रुपयांवर आक्षेप आहे आणि ते वसूलपात्र ठरलेत.

आम्ही सगळे अण्णांना हसतो. चहाच्या टपरीवर त्यांची नक्कल करणारे दोघे तर खास आहेत. पण त्या भिंतीवरून आम्हीही रोज जातो आणि आमच्यातल्या एकानेही अर्जाला दहा रुपयांचं तिकीट लावलेलं नाही. गावात विचारणारा एकच, आणि त्याला नेमकं पावती हरवलेलं माणूस सापडतं, कारण पावती हरवायला आधी खर्च खरा करावा लागतो. ज्याला पैसे खायचेत तो पावती कधीच हरवत नाही.

गंमत म्हणजे अण्णा ज्या कायद्याच्या जिवावर हिंडतात, त्याच्या दुसऱ्याच कलमात कागदापलीकडचंही दिलेलं आहे. सरकारी काम जागेवर जाऊन बघता येतं आणि वापरलेल्या मालाचे प्रमाणित नमुने मागता येतात. सिमेंटचा, वाळूचा, सळईचा. अर्ज तेवढाच, दीडशे शब्दांचा. अण्णा मागणार नाहीत, त्यांना नमुना जोडपत्रात कसा लावायचा हा प्रश्न पडेल. तुमच्या गावातही अशी एखादी भिंत असेल, तर तिचा नमुना तुम्ही मागा. आणि जाता जाता बाईंना खडूचा एक डबा देऊन या, पावतीसकट.